खालाच्या अंगणातली पिवळी मिरची

अम्मीच्या तोंडाची आतली कातडी सोलवटायला लागली तेव्हा मी बारावीत होते. आधी सगळ्यांना वाटलं, उष्णता आहे. मग गालांच्या आत पांढऱ्या जाळ्या दिसायला लागल्या. दम्मामच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा आजार जिवावरचा नाही, पण पुरता जाणारही नाही. गोळ्यांनी दबून राहील. तिखट मात्र बंद. मिरची, मिरी, आलंसुद्धा. अम्मीनं मान हलवली, घरी आली आणि अब्बांसाठी नि माझ्यासाठी कोलंबीचं कालवण केलं, नेहमीसारखं लालभडक. स्वतः दहीभात घेऊन बसली.

ती चांगली सुगरण होती, आणि आता तिला स्वतःचंच रांधलेलं चाखता येईना. ओट्यापासून हाक मारायची, "बघ गो, वाटण बरोबर झालंय?" मी चाखून म्हणायचे, "ओके आहे." ती चिडायची. "ओके म्हणजे काय? तिखट कमी, खोबरं जास्त, काहीतरी बोल!" मला सांगता यायचं नाही. शाळा सगळी इंग्रजीतून झाली, पण इंग्रजीतूनही मी बोलत नसे. मी बघायचे. पातेल्यावर वाकून नुसता वास घेणारी अम्मी मी पुष्कळ बघितली.

आम्ही सौदीत अबकैकला राहतो. अब्बा तेलाच्या प्लांटवर टेक्निशियन आहेत. घराच्या मागे चटईएवढं अंगण, पलीकडे बुटकी भिंत आणि भिंतीपलीकडे तेव्हा ग्रेनाडाची एक बाई राहायची. ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना ती इंग्रजी शिकवायची. वेस्ट इंडीज म्हटल्यावर अब्बांनी पहिल्याच भेटीत तिच्याशी फास्ट बोलर्सची चर्चा सुरू केली. ती म्हणाली, मी आयुष्यात एकही मॅच पूर्ण बघितलेली नाही. त्यानंतर अब्बा तिच्याशी फक्त हवामानावर बोलायचे.

तिच्याकडे बादल्यांमध्ये मिरचीची झाडं होती. फळ पिवळं, सुरकुतलेलं, छोट्या आकाशकंदिलासारखं. आफ्रिकी बायका बाजारात जी जाळ मिरची विकतात तिची सख्खी बहीण वाटावी असं. एकदा तिनं भिंतीवरून मूठभर अम्मीपुढे धरली. अम्मी दोन पावलं मागे सरकली. मी मध्ये पडून तुटक इंग्रजीत आजार समजावला. ती बाई हसली, एक मिरची उचलून सफरचंदासारखी चावली आणि शांतपणे चावत राहिली. म्हणाली, आमच्या बेटावर ही जेवणात वासासाठी घालतात, ही तिखट नसतेच.

अम्मीनं जिभेचं टोक लावलं. थांबली. मग थोडी चावली. मला तिच्या कपाळावरची शीर दिसत होती. मग तिनं ती सबंध खाल्ली, देठ तेवढा बोटांत राहिला. "मिरची आहे गो," ती मला म्हणाली, मला ठाऊकच नसल्यासारखी. "खरी मिरची आहे. वास बघ."

वास खरंच मिरचीचा होता, त्यात पिकत आलेल्या पेरूचाही. त्या दिवशी अम्मीनं ओलं खोबरं, कोथिंबीर आणि त्या मिरच्या वाटून मासा केला आणि आमच्याबरोबर, आमच्याच पातेल्यातलं जेवली.

त्या बाईनं आम्हाला रोपं दिली. अब्बांनी प्लांटवरून रंगाच्या रिकाम्या बादल्या आणल्या, तळाला भोकं पाडली. बी कसं धरायचं ते तिनं मला शिकवलं, कारण तिथं मन लावून ऐकणारी मीच होते. फूल उमलायच्या आधी कळीवर जाळीची पिशवी बांधायची, लग्नात बदाम घालून वाटतात तसली. फळ धरलं की पिशवी काढून त्या फांदीला रिबन बांधून ठेवायची. बी त्याच फळांचं घ्यायचं. नाहीतर आसपास तिखट मिरची असली तर माश्या तिचा पराग आणून टाकतात. त्यानं यंदाचं फळ बदलत नाही, ते गोडच राहतं. बदलतं ते त्याच्या पोटातलं बी. ते लावलं की पुढच्या झाडाला तिखट मिरची येते, आणि दिसायला तंतोतंत हीच.

पुढे तिचं कंत्राट संपलं आणि ती फायनल एक्झिटवर कायमची गेली. तिचा नंबर काही महिने चालला, मग बंद झाला.

खालाबद्दल सांगायला हवं. ती आमची खरी खाला, म्हणजे मावशी, नव्हे. अम्मीच्या शेजारच्या गावची, म्हणून मानलेली बहीण. अम्मी तिला आपा म्हणायची. तिचे मिस्टर कंत्राटदाराकडे मोठ्या हुद्द्यावर, गावाबाहेर व्हिला, मागे खरीखुरी माती असलेलं अंगण. आजाराच्या सुरुवातीला अम्मी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा खाला रोज डबा घेऊन यायची, हे खरं आहे. अम्मीला वाटायचं, त्या डब्यांची परतफेड या जन्मात होणार नाही. खालालाही तसंच वाटायचं.

मला ती 'मुकी मैना' म्हणायची. चार बायकांत माझी हनुवटी धरून विचारायची, "एवढी फी भरली बापानं, जीभ काय शाळेतच ठेवून आलीस?" बायका हसायच्या. मी पण हसायचे, कारण तो प्रसंग संपवण्याचा तोच जवळचा रस्ता होता.

ती शेजारीण गेली त्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो. खाला जाणार नव्हती, म्हणून घराची किल्ली तिच्याकडे दिली. आमच्या अंगणाला दुपारनंतर सावली असते, एक दिवसाआड पाणी पडलं तरी झाडं तगली असती. परत आलो तर बादल्यांत नुसती माती.

"वाळली गो," खाला फोनवर म्हणाली. "काय उन्हाळा होता! मी रडले बघ तुझ्या झाडांसाठी."

अम्मी म्हणाली, "जाऊ दे आपा, तू तरी काय करणार?"

मी बादल्यांजवळ उकिडवी बसले. वाळलेलं झाड उपटलं तर मुळं तुटून मातीत राहतात, माती भुसभुशीत ढासळते. इथं प्रत्येक बादलीत मधोमध गोल, स्वच्छ खड्डा होता आणि त्याच्या कडेची माती दाबून घट्ट झालेली. कोणीतरी भरपूर पाणी घालून, माती मऊ करून, मुळांच्या गड्ड्यासकट झाड अलगद काढलं होतं. रिबन बांधलेल्या फांद्यांवरच्या मिरच्यांचं बी मी गावाहून आल्यावर वेगळं काढून ठेवणार होते. तीही फळं झाडाबरोबरच गेली होती.

मी अम्मीला खड्डे दाखवले. तिनं एका खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिनं माती ओतून सगळ्या बादल्या एकात एक घालून कोपऱ्यात ठेवल्या. पुन्हा दहीभात सुरू झाला.

थंडीत खालाकडे दावत होती. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या मधोमध काचेच्या वाडग्यात आमच्या मिरच्या, धुऊन चकचकीत. "जावयानं बी आणलं," खाला सगळ्यांना सांगत होती. "जहाजावर आहे ना, वेस्ट इंडीजहून आणलं. खा, फळासारखी खा!" तिनं सर्वांत आधी वाडगा अम्मीपुढे केला. "तुझ्यासाठीच लावली गो. तुझी तेवढी झाडं गेली, म्हटलं हिचं तोंड सुकेल."

अम्मीनं एक घेतली. मग दुसरी. मग भाताबरोबर आणखी. कितीतरी महिन्यांची भूक होती ती, तिला लपवता आली नाही. "छान आहेत, आपा," ती म्हणाली. "बघा कशी खाते!" खाला म्हणाली आणि बायका कौतुकानं हसल्या. स्वतःच्याच झाडाची मिरची माझी आई भीक घेतल्यासारखी खात होती. त्या हसण्याचा आवाज मला अजून तसाच्या तसा ऐकू येतो.

हात धुवायला म्हणून मी उठले आणि मागच्या अंगणात गेले. आमची झाडं भिंतीला लागून लावलेली, ताजीतवानी. एका फांदीला मी बांधलेली गुलाबी रिबन अजून होती, तिनं काढायचीही तसदी घेतली नव्हती. आणि त्याच वाफ्यात, फांदीत फांदी अडकलेली, आफ्रिकी जाळ मिरचीची दोन दांडगी झाडं. दोन्हींवर माश्या घोंगावत होत्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पायरीवर पेपर पसरून खालानं पिवळ्या मिरच्या बियांसाठी वाळत घातल्या होत्या, अर्थातच मोठ्यात मोठ्या निवडून.

मी तिथं उभी राहिले आणि मला सगळं पुढचं दिसलं. सांगायचं म्हटलं तर एका वाक्यात झालं असतं. खाला, हे बी लावू नका, तिखट निघेल. मी रिबन सोडली, खिशात घातली आणि आत येऊन शेवयांची खीर खाल्ली. ती फार चांगली झाली होती.

परतताना गाडीत मी म्हटलं, "ती आपली झाडं आहेत. मी बघितली." अब्बा म्हणाले, "खलास. विषय बंद. हॉस्पिटलात तीच बसली होती ना?" अम्मी खिडकीतून बघत म्हणाली, "खायला तर मिळालं."

मला तेवढं पुरेसं नव्हतं. मला खालाच्या तोंडून ऐकायचं होतं की ती झाडं अम्मीची आहेत. चार बायकांत ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं. मी गप्प राहायचं ठरवलं. मला ते जमतं.

वर्षभर मी खालाकडे जाणं कधी टाळलं नाही. अम्मीला नवल वाटायचं. उन्हाळ्याच्या तोंडावर खालानं आमची मूळ झाडं उपटून टाकली. "जुनं खोड झालं, नवं बी लावते," असं तिनं सांगितलं तेव्हा मी तिच्यासमोर चहा पीत बसले होते. तसली दुसरी झाडं कुठे असतील तर ती समुद्रापलीकडे, आणि तो नंबर बंद होता. सप्टेंबरात तिनं बी पेरलं. मी गेले की अंगणात डोकवायचे. रोपं जोमदार होती.

"मुकीला झाडांचा नाद आहे हो," खाला म्हणायची. "माणसांशी नाय, झाडांशी बोलते."

त्या थंडीत तिच्या मुलीचे सासू-सासरे उमऱ्याला आले आणि मक्केहून चार दिवस तिच्याकडे उतरले. खालानं मोठी दावत ठेवली. तिच्या माहेरी एक रीत होती आणि ती इथंही ती पाळायची: झाडाचा पहिला तोडा घरच्यांनी चाखायचा नाही. आधी पाहुण्याच्या पानात, मग घरात. अम्मीनं आदल्या दिवशी मला सांगितलं, "आपानं पहिल्या मिरच्या राखून ठेवल्यात. अजून कुणी तोंडात घातलेली नाय." म्हणजे त्या तिखट आहेत हे खालालाही ठाऊक नव्हतं. मी रात्रीऐवजी दुपारीच कपडे इस्त्री करून ठेवले.

इतकी वाट बघूनही एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी कल्पना करायचे तेव्हा मिरची नेहमी पाहुणीच्या तोंडात असायची. फजिती, खोकला, पाणी, खालाचा उतरलेला चेहरा. दस्तरखानावर बसलो, वाडगा आला, पिवळाधमक. आणि खाला पाहुण्यांना म्हणाली, "आधी हिला. ह्या बिचारीला दुसरं काय चालत नाय." तिनं वाडग्यातली सगळ्यांत मोठी मिरची उचलून अम्मीच्या पानात ठेवली.

अम्मीनं ती लगेच उचलली. वर्षभर तिनं तिची वाट बघितली होती.

मी तिचं मनगट धरलं. "अम्मी, नको."

"अगोबाई," खाला म्हणाली, "बोलली! काय झालं गो?"

"तिखट असेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तिखट?" ती सगळ्यांकडे वळली. "ऐका! गेल्या वर्षी हिच्याच आईनं ओंजळभर खाल्ली. ही मिरची माझ्या जावयानं पार वेस्ट इंडीजहून आणलीय."

मुलीची सासू, एक ठेंगणी, चष्मा लावलेली बाई, म्हणाली, "आमच्या पोरानं? त्याला मिरची आणि भेंडीतला फरक कळत नाय हो. आणि त्याचं जहाज तर कोरियाच्या वाटेला असतं."

दोन बायका हसल्या. खालाचे कान लाल झाले. "कोरिया तर कोरिया," ती म्हणाली, आणि वाद मिटवायला तिनं माझ्याकडे बघत अम्मीच्या हातातली मिरची काढून घेतली. "बघ हां, मुकी." पहिल्या तोड्याची रीत ती त्या क्षणी विसरली. मिरची सबंध तोंडात घालून दाढेखाली धरली.

मी बघत होते. दोनदा चावेपर्यंत काही झालं नाही. तिनं विजयानं भुवयासुद्धा उंचावल्या. मग त्या भुवया तिथंच राहिल्या. डोळे भरले. नाकातून पाणी आलं. तिनं पाणी प्यायलं आणि त्यानं आग आणखी पसरली, तशी ती ओढणी तोंडाशी धरून खोकायला लागली. मला आनंद झाला. तो शब्द मी जपून वापरते, पण तिथं दुसरा नाही. माझी पाठ सरळ झाली.

"या अल्ला," सासूबाई म्हणाल्या. "हे आम्हाला खाऊ घालणार होतात?"

"मला काय ठाऊक!" खाला कशीबशी ओरडली. अम्मीकडे बोट करून, डोळे मिटलेले, लाळ पुसत. "हिच्या घरची झाडं ती! हिच्याच बादल्यांतनं आणलीत मी! तिला विचारा, काय लावलं होतं!"

पुरुषांच्या खोलीतून चमच्यांचा आवाज येत होता. खालानं डोळे उघडले आणि तिला कळलं आपण काय बोललो ते.

अम्मी उठली. स्वयंपाकघरातून ताकाचा पेला भरून आणला आणि खालाच्या हातात दिला. "घे, पी. पाण्यानं नाय जायचं ते." मग स्वतःच्या जागी बसून, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "वाळलेल्या झाडांना फळं धरतात होय, आपा?"

चष्मेवाल्या सासूबाईंनी भाताची परात पुढे सरकवली आणि विचारलं, "मग आमच्या पोराचं नाव कशाला घेतलंत?"

गाडीत अब्बांनी विचारलं, काय गडबड झाली आत? अम्मी म्हणाली, आधी घरी चला. घरी आल्यावर अम्मी मला म्हणाली, "तुला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"गेल्या दावतीपासून."

"आणि मिरची माझ्या पानात आली नसती तर?"

"तर नसते बोलले."

मला वाटलं ओरडेल. "चल, ताट घे," ती म्हणाली. दावतीत आम्ही दोघी धड जेवलोच नव्हतो.

मला वाटलं होतं, खालानं कबूल केलं की माझ्या पोटातली आग विझेल. विझली नाही. कबुलीनं झाडं परत येत नव्हती, अम्मीच्या ताटात पुन्हा दहीभात होता, आणि त्याला जबाबदार बाई गावाबाहेरच्या व्हिलात ताक पिऊन बरी झाली होती. मी वाचायला लागले. इंग्रजीत वाचता येण्याचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता. अशा मिसळलेल्या मिरचीचं बी लावलं तर पुढच्या झाडांत बरीचशी तिखट निघतात, पण थोडी मूळ गोड वळणावर परत जातात. दावतीतून निघताना मी वाडग्यातल्या दोन मिरच्या टिशूत गुंडाळून पर्समध्ये टाकल्या होत्या, का ते तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. त्यांचं बी पेरलं.

झाडं मोठी झाली, फळं धरली, सगळी दिसायला एकसारखी. कोणती कशी हे चाखल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि अम्मीला चाखता येत नव्हतं. म्हणून मी एकेक झाड चाखलं. दर वेळी हातात दही घेऊन. ओठ सुजायचे, कान वाजायचे, आणि दर वेळी मी खालाची आठवण काढायचे, ती कशी ते लिहिण्यासारखं नाही. बहुतेक झाडं जाळ निघाली. एक निघालं नाही. मी पुन्हा चावलं, आणखी एक फळ तोडून चावलं. पेरूचा वास आला आणि पुढे काहीच झालं नाही. मी अम्मीला हाक मारली.

त्या ईदच्या दुसऱ्या दिवशी अम्मीनं खालाला जेवायला बोलावलं. मी विरोध केला. अम्मी म्हणाली, "डबे आणले होते तिनं. ते मी विसरायची नाय. आणि झाडं नेली, तेही विसरायची नाय. येऊ दे."

खाला आली, खिमा-समोसे घेऊन, थोडी वाळलेली, गोड बोलत. मला मुकी म्हणाली नाही, बेटा म्हणाली. मागच्या दारातून अंगणातल्या बादल्या दिसत होत्या, सगळ्या एका ओळीत, सगळ्यांवर पिवळ्या मिरच्या. खालानं त्या बघितल्या. दस्तरखान मी मांडलं आणि मधोमध मिरच्यांची बशी ठेवली.

"घे ना, आपा," अम्मी म्हणाली.

"ह्या," खालानं घसा साफ केला, "ह्या कुठल्या झाडाच्या?"

अम्मीनं माझ्याकडे बघितलं. खालानंही बघितलं. बशीत मी फक्त त्या एका झाडाच्या मिरच्या ठेवल्या होत्या, लहान पोरानंही खाल्ल्या असत्या. मी भात वाढत होते. वाढत राहिले.

"बेटा?" खाला म्हणाली.

मी तिच्या पानात एक मिरची ठेवली, मोठी बघून, आणि खाली बसून जेवायला लागले. ती त्या मिरचीकडे बघत होती. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तिनं ती बोटांनी उचलली, परत ठेवली, भाताच्या कडेला सरकवली, मग पानाच्या पार टोकाला. जेवण संपत आलं तरी ती तिथंच होती.

शेवटी अम्मीनं हात लांब केला, खालाच्या पानातली ती मिरची उचलली, आणि सावकाश, एकेक घास करून, देठापर्यंत खाल्ली.